तिच्या तोंडी कोण लागणार?

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला की तो तिचाच असतो. ती विरारला एका विमा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये आहे. आठ तास कानाला हेडफोन लावून ती अनोळखी माणसांशी इतकी गोड बोलते, की एका आजोबांनी एकदा पॉलिसीचं बाजूला ठेवून तिला नातवाचं स्थळ सांगितलं होतं. 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे', 'कृपया लाइनवर राहा', 'आणखी काही मदत करू शकते का?' असं दिवसभर साठत जातं. सहाला पाळी सुटते, दहा मिनिटांत ती रस्त्यावर येते आणि मला फोन लावते.

"उचललास एकदाचा? मला वाटलं फायली आवरता आवरता तुझीच फाईल झाली. वरून दोरी बांधलेली, आत कोरे कागद."

मी पालघरला सरकारी कचेरीत कारकून आहे. अशा वेळी मी खुर्ची मागे सरकवते आणि नुसती ऐकत राहते. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम काळजीने विचारतात, "घरी काही झालंय का गं?" घरी काही झालेलं नसतं. माझी मैत्रीण थकलेली असते आणि तिला कुणाला तरी टाकून बोलायचं असतं. त्यासाठी जगात तिने जी पाच-सहा माणसं निवडली आहेत, त्यांत माझा नंबर आहे, याचा मला अभिमान वाटतो. तिच्या साहेबांना चार वर्षांत तिने एकही वाकडा शब्द ऐकवलेला नाही. बिचारे साहेब.

आमची ओळख आठवीतली. माझे वडील बार्शीकडचं गाव सोडून बोईसरच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात लागले आणि जूनमध्ये माझं नाव इथल्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी तिसरा बेंच रिकामा दिसला म्हणून मी त्याच्या मधोमध दप्तर ठेवून बसले. थोड्या वेळाने एक मुलगी येऊन उभी राहिली. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, हातात पुरुषांची असते तशी काळी लांब छत्री. ती छत्री ती बाराही महिने बाळगायची. पावसात पावसासाठी, उन्हात उन्हासाठी आणि एरवी माणसांकडे रोखण्यासाठी.

"ए, सरक," ती म्हणाली. "एवढं अतिक्रमण एमआयडीसीवाले पन करत नाय."

मी रडले. गाव सुटलं होतं, घर भाड्याचं होतं, खिडकीतून येणाऱ्या हवेला औषधाचा वास होता, आणि त्यात हे. ती मुळीच घाबरली नाही. शेजारी बसली, कंपासपेटी उघडली. आत कर्कटक नव्हतं, अर्धं लिंबू होतं.

"चाट. रडू थांबतं."

मी चाटलं. खरंच थांबलं. मग तेच लिंबू तिने हातांना चोळलं आणि सांगून टाकलं, "मी मुरबे गावची. आई स्टेशनजवळ मासळी विकते. सकाळी टोपल्या भरायला मी असते, म्हनून हाताला वास येतो. आवडत नसेल तर आत्ता सांग. नंतर नाक मुरडलंस तर नाकाचं लोनचं घालीन."

दुपारपर्यंत तिने माझं नावही ठेवलं: निवटी. खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरतो तो मासा. "धड पान्यात नाय, धड जमिनीवर नाय. तशी तू. बार्शी सुटली नि बोईसर सापडलं नाय." हे इतकं खरं होतं, की रात्री जेवताना मी ते घरी सांगितलं. आई चिडली. वडील मात्र भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "पोरगी हुशार दिसती."

वर्गात सगळ्यांना तिने अशी नावं दिली होती. आमची मॉनिटर पापलेट होती, दिसायला चकाचक आणि भाव जास्त. गोरखपूरकडून आलेल्या वेल्डरचा मुलगा पिंटू चिंबोरी, म्हणजे खेकडा होता, कारण तो वर चढणाऱ्या प्रत्येकाचा पाय ओढायचा. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे बदामाच्या झाडाखाली आमचा अड्डा जमायचा, आणि तिथे आम्ही एकमेकांना जे बोलायचो ते घरी कळलं असतं तर निम्म्या जणांची शाळा सुटली असती. गंमत अशी, की त्यात शिवी अशी एकही नसायची. पिंटू सुरुवातीला बाजारातल्या चालू हिंदी शिव्या घेऊन आला. तिने छत्रीनेच त्याला अडवलं.

"हे काय आनलंस? बर्फातला माल. चार दिवसांचा. डोळे बघ कसे बसलेत. ताजं काय असेल तर बोल."

"शिव्या भी ताजी होती है क्या?"

"मंग? समोरच्याला बघून तिथल्या तिथं करायची. त्याला लागायला पायजे, पन हसायला पन आलं पायजे. नुसतं लागलं तर तो दगड. तो कोनीपन मारतो."

आणि तिचा एक नियम होता. कुणाचा रंग, कुणाचं घर, कुणाचे आईबाप यांवर बोलायचं नाही. "ते कोन निवडून येतं? मानसानं सोताच्या हातानं जो गाढवपना केला, त्याच्यावर बोलायचं. तो काय कमी हाय?" पिंटू एकदा कुणाला तरी 'झोपडीवाला' म्हणाला. तिने त्याला शिक्षा काय केली, तर आठवडाभर ती त्याच्याशी अत्यंत आदराने वागली. "अहो पिंटूजी, जरा सरकता का?" "अहो पिंटूजी, तुमची वही पडली." तिसऱ्या दिवशी पिंटू हात जोडून माझ्याकडे आला. "उसको बोल ना, एक गाली दे दे. मेरे को झोप नही आ रही." ज्यांना ती आपलं मानायची त्यांना ती झोडपायची. 'अहो' म्हणाली की समजायचं, आपलं नाव कापलं गेलं.

माझी स्वतःची प्रगती फार हळू झाली. बार्शीच्या शाळेत मी आदर्श विद्यार्थिनी होते. पहिल्यांदा मी सगळं बळ एकवटून तिला म्हणाले, "तू... तू फार वाईट मुलगी आहेस."

ती डोक्याला हात लावून बसली. "निवटे, ही शिवी नाय, हा प्रगतिपुस्तकातला शेरा हाय. खाली पालकांची सही घेऊ का?"

मोठ्या माणसांशी ती भांडायची ते मात्र अगदी सरळ उभी राहून, हात मागे बांधून. नववीत आम्हाला भूगोलाला नव्या बाई आल्या. वर्ग गोंगाट करत होता. बाईंनी डस्टर आपटलं आणि म्हणाल्या, "हा वर्ग आहे की मासळीबाजार?"

ती उठली.

"बाई, एक विचारू? तुमी मासळीबाजारात गेलात कदी?"

"आम्ही शाकाहारी आहोत."

"मंग तुमाला माहीत नसनार. तिथं असा गोंधळ नसतो. एक बोलते तेव्हा दुसरी ऐकते, कारन ऐकलं नाय तर भाव चुकतो. इथं कोन कोनाचं ऐकत नाय. याला मासळीबाजार म्हनू नका बाई. माझ्या आईला वाईट वाटंल."

बाईंनी तिला तासभर बाहेर उभं केलं आणि ती आनंदाने उभी राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गोंगाट झाला. बाई म्हणाल्या, "हा वर्ग आहे की..." आणि त्यांची नजर तिसऱ्या बेंचवर गेली. त्या अडखळल्या. "...की भाजीबाजार?" तर मागून एक मुलगा उठला, ज्याच्या वडिलांची नाक्यावर भाजीची गाडी होती. बाईंनी त्याला हातानेच खाली बसवलं. वर्षाच्या शेवटी त्या नुसतं म्हणायच्या, "हा वर्ग आहे की वर्ग आहे?" आणि आम्ही गप्प व्हायचो, कारण याला उत्तर नव्हतं.

तिला एकच गोष्ट अजिबात जमायची नाही. माफी मागणं. चूक झाली तर ती डब्यातला तळलेला बोंबील तुमच्या झाकणावर ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. त्यांच्या घरी तशीच पद्धत होती, असं तिचं म्हणणं. आईवडील भांडले की आई ताटात तुकडा जास्त वाढायची, आणि वडिलांनी तो खाल्ला की भांडण मिटलं. वडील दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी. आठ-आठ दिवस समुद्रात असायचे, त्यामुळे भांडायला वेळच कमी. 'सॉरी' हा शब्द कुणी वापरला की ती म्हणायची, "पावडर लावलीस, तोंड धुतलं नायस."

तिची ही पद्धत एकदा पुरी पडली नाही. नववीचा जानेवारी महिना होता.

आमच्या वर्गात शिवराम नावाचा मुलगा होता. चिल्हारच्या रस्त्याने गेलं की आत डोंगराकडे एक पाडा आहे, तिथून तो यायचा. शेवटच्या बेंचवर खिडकीशी बसायचा, अक्षर छापल्यासारखं, बोलणं जवळजवळ नाही. आमच्या अड्ड्यापासून जरा लांब उभा राहून ऐकायचा आणि हसायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. डिसेंबर गेला. हजेरीत त्याचं नाव आलं की कुणीतरी 'गैरहजर' म्हणायचं आणि सर पुढे जायचे. मग एके दिवशी गणिताच्या तासाला तो दारात उभा राहिला. काळवंडलेला, केस वाढलेले, दप्तराचा एक पट्टा सुतळीने बांधलेला.

"येऊ का सर?"

सर काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "सर, पाहुने आलेत. चहा सांगू का?"

वर्गात हशा फुटला. शिवरामही हसला. तिने तेवढ्यावर थांबावं की नाही? "आलाच हाय तर शेरेबुकात सही करून जावा. शाळा कशी वाटली, ते पन लिवा."

आज मला कळतं, तिच्या लेखी ते बोलावणं होतं. दीड वर्ष लांब उभा राहून हसणाऱ्या मुलाला ती आत ओढत होती. पण ती एकदा बोलली आणि वर्गाने ते उचललं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बेंचवर कुणीतरी स्टाफरूममधली प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. तिसऱ्या दिवशी दारात दोघं वाकून उभे राहिले, "या पाहुणे, पाय धुऊन घ्या." डबा खाताना पिंटूने विचारलं, "पाहुना, मुक्काम कितने दिन का?" मीही हसले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण हसले.

चौथ्या दिवशी तो आला नाही. पाचव्या दिवशीही नाही.

तिच्या ते सर्वांत आधी लक्षात आलं. मधल्या सुट्टीत ती शाळेच्या शिपाईकाकांकडे गेली. काका त्याच बाजूचे. ते घंटेची दोरी गुंडाळत म्हणाले, "तो नाय येनार आता. दिवाळी झाली की त्याचे आईबाप भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात. औंदा त्याला पन नेला, लहान भावंडं सांभाळायला. तर हा पोरगा बापाशी भांडून पळून आला. शाळा पायजे म्हनून. आजीपाशी राहतो. आता आजीला सांगतो, शाळेत माझं काय नाय, जातो परत भट्टीवर. मुकादमाचा टेम्पो येतोय सोमवारी."

टाकीपाशी येऊन तिने तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं.

"मला वाटलं तो सोताहून दांड्या मारतो," ती म्हणाली. "मला वाटलं तो त्याचा गाढवपना हाय."

"सगळेच बोलले ना. तू एकदाच बोललीस."

"पयला दगड माझा व्हता ना?"

त्यानंतरचे दोन दिवस वर्गाने फार वाईट काढले. तिने कुणालाही काही म्हटलं नाही. पिंटू डोक्यावर दोन्ही बाजूंनी केस उडवून आला होता, वर कोंबड्याचा तुरा. खास तिच्यासाठी केलेली सोय होती ती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतो." पिंटू पांढरा पडला. "छान बोली मेरे को," तो मला म्हणाला. "घर पे फोन कर दूँ क्या?"

रविवारी सकाळी ती आमच्या दारात उभी होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा. सुके बोंबील आणि मांदेली. वास आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत तिच्या आधी पोचला होता.

"चल," ती म्हणाली.

नवापूर नाक्यावरून आम्ही जीप पकडली. वाटेत तिची तालीम सुरू झाली. मी शिवराम.

"हे बघ," ती मला म्हणाली, "जे झालं ते झालं. तू पन कायतरी बोलायला पायजे व्हतंस. तोंड काय भाड्यानं दिलंय?"

"ही माफी नाही. हे भांडण आहे."

"बरं. हे बघ शिवराम, मी काय मुद्दाम नाय बोलले. तुमालाच सगळ्यांना अक्कल नाय, तुमी ते वाढवलंत..."

"शिवरामने नाही वाढवलं."

"तू जरा गप बस ना! शिवराम एवढा बोलतो का?"

जीपमधल्या एका बाईने आपली कोंबडी मांडीवर जवळ ओढून घेतली. तिला वाटलं आम्ही हाणामारीवर येणार.

फाट्यावर उतरून चार-पाच मिनिटं चालल्यावर पाडा लागला. शिवराम अंगणात होता. कारवीच्या काठ्या कोयतीने सारख्या करून कुडाच्या भिंतीची पडकी बाजू पुन्हा बांधत होता. त्याची आजी सुपात वाल निवडत बसली होती. आम्हाला बघून तो उभा राहिला. मला वाटलं, आता हा आत निघून जाईल. तो आत गेलाच, पण घोंगडी घेऊन बाहेर आला. ती त्याने झटकून सावलीत अंथरली.

"या. बसा."

तांब्यात पाणी आणलं. पेले दोनच होते, ते आम्हाला दिले.

"जीपनी आलात? लांब पडला असंल तुमाला. चहा घेनार ना? दूध नाय, कोरा चालंल?"

तो चिडून बोलत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. त्यांच्या घरी कुणी आलं की असंच वागतात, म्हणून तो तसा वागत होता. पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ज्याला तिने भर वर्गात पाहुणा केलं होतं, त्याने तिला घोंगडीवर बसवून पाणी दिलं होतं आणि 'तुमी' म्हटलं होतं. 'तुमी' म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती घोंगडीच्या अगदी कडेला, निम्मी मातीवर बसली होती. पुडा तिने पुढे सरकवला. त्याने तो आजीकडे दिला. आजीने वास घेऊन मान डोलावली. बस. ताटात तुकडा पडला होता आणि भांडण होतं तसंच होतं.

चहा आला. मग ती एकदम म्हणाली, "मला बोल कायतरी."

"काय बोलू?"

"वाईट. मला लागंल असं. तीन शिव्या दे. मी तीन दिवस बघत बसले ना वर्गात, म्हनून तीन."

तो गोंधळला. "मला नाय येत. आनि तुमी घरी आलात..."

"तुमी नको म्हनू!"

आजीने सूप खाली ठेवलं. "काय रं, पोरीस काय पायजं?"

"शिव्या पायजेत म्हनते."

"आनि ही मासली?"

"त्याच्यासाठीच आनली असंल."

आजीला हे फार आवडलं. दात नव्हते, त्यामुळे ती हसली ती सगळ्या तोंडाने हसली. तिने माझ्या मैत्रिणीला खाली-वर नीट पाहिलं, वेण्या पाहिल्या, छत्री पाहिली. "एवडंच ना? मी देतो एक. ही पोर म्हंजी शेतातला बुजगावना. तोंड ह्येवडा, नि आत पेंढा. कावलापन घाबरत नाय."

शिवराम फिसकन हसला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच हसला असावा, कारण त्याला ते थांबवता येईना. आणि माझी मैत्रीण ताठ बसून म्हणाली, "आजी, झकास. पन तुमची धरनार नाय. त्यानंच द्यायला पायजे."

शिवरामने कोयती उचलली. एका काठीचं टोक तासलं, दुसरीचं तासलं. तो विचार करत होता, इतका की गणिताच्या पेपरलाही त्याने तेवढा केला नसेल. मग काठीकडेच बघत तो सावकाश म्हणाला, "तू एकदा भट्टीवर चल. तिथं माती पुरत नाय, मुकादम रोज आरडतो. तुला नुसती मधोमध बसवायची नि बोलायला लावायचं. तुझ्या तोंडातनं जेवडी निघते ना, तेवड्यात लाखभर विटा पडतील."

ते लागलं होतं. मला बाजूला बसून लागलं. तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तोंडातला शेवटचा चहा नाकातून आला. ती खोकत, हसत, नाक पुसत राहिली.

"दोन राहिल्या," शेवटी ती म्हणाली.

"त्या शालेत देईन."

"टेम्पो तर उद्या येतोय."

उत्तर आजीने दिलं, वाल पाखडता पाखडता. "टेम्पोचा काय? आला तसा जाईल. रिकामा पन पलतो तो."

सोमवारी तो आला नाही. आम्ही दोघी दिवसभर दाराकडे बघत होतो आणि कुणीही दारात उभं राहिलं की ती अर्धी उठायची. मंगळवारी तो आला. दप्तराचा पट्टा नव्या सुतळीने बांधलेला होता. वर्गात कुणीतरी 'पा' एवढंच म्हटलं आणि तिने नुसती छत्री बेंचवर आडवी ठेवली. पुढचं अक्षर कुणी उच्चारलं नाही. दुसरी शिवी त्याने तिला मार्चमध्ये दिली, प्रयोगशाळेत, सरांच्या समोर, आणि सर पाठ फिरवून हसले. तिसरी त्याने कधीच दिली नाही. दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही ती मागत होती. तो म्हणाला, ठेवू दे, म्हातारपणी उपयोगी पडेल. आता तो आयटीआय करून बोईसरमध्येच इलेक्ट्रिशियन आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांत कमी तोच लिहितो, आणि तो लिहायला लागला आहे असं दिसलं की बाकीचे जरा सावरून बसतात.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

आम्ही निघालो. वाटेत ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. कुठे थांबायचं, 'लाखभर'वर जोर द्यायचा की 'विटा'वर. तिच्या चालण्यात उड्या आल्या होत्या. फाटा दिसायला लागला तेव्हा मी म्हणाले, "पण तू माफी मागितलीच नाहीस."

"शिव्या खाल्ल्या ना?"

"त्या तुला हव्या होत्या म्हणून तू मागून घेतल्यास. मजा तुला आली. त्याला काय मिळालं?"

"बोंबील."

ती चार पावलं चालली आणि थांबली. लांबवर जीपची धूळ दिसत होती. तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि जशी धावत सुटली तशी मी तिला खेळाच्या तासालाही धावताना पाहिलं नव्हतं.

रस्ता उंचावर होता, तिथून अंगण दिसत होतं. शिवराम कोयती हातात घेऊन उठला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सरळ, प्रार्थनेला उभी राहावी तशी. ती काहीतरी बोलली. फार नाही, एका वाक्याएवढं. आजीचा सुपातला हात थांबला. शिवरामने मान हलवली, एकदाच, आणि मग खाली बसून पुन्हा काठी हातात घेतली.

जीपवाला भोंगा वाजवत होता. मी हात जोडून त्याला थांबवलं होतं. ती आली ती धापा टाकत, पायांना काटे घेऊन.

"काय म्हणालीस?"

"तुला सांगू? तू म्हंजे कारखान्याचा भोंगा. इथं सांगितलं की डहानूपर्यंत पाळी सुटंल."

जीपमध्ये एकाचीच जागा होती. ती माझ्या मांडीवर बसली, तिची हाडं मला टोचत होती, आणि बोईसर येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. नाक्यावर उतरून तिने पायातला काटा काढला, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाम कठीन हाय गो ते."

"काय?"

"काय नाय. चल, पाय उचल. तुझ्यापरीस रांगोळीतली पावलं लवकर घरी पोचतील."